हंबीररावांचं सुतक

नेमासावजींनी जन्मात एकच खून केला, आणि त्याचं सुतकही त्यांनीच पाळलं. भेटायला निम्मा बाजार येऊन गेला. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. त्या दिवशी ओट्यावर सतरंजी मीच अंथरली होती.

मी तेव्हा कारंज्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. लढाईची वर्षं होती. साखर मिळत नव्हती, रॉकेल मिळत नव्हतं, कागद तर दृष्टीस पडत नव्हता. माझी भाड्याची खोली नेमासावजींच्या किराणा दुकानाला पाठ लावून होती आणि मधल्या भिंतीत एक खिडकी होती. त्या खिडकीतून मला जिरं, हळद, हिंग आणि कादंबऱ्या मिळत. जिरं विकत, कादंबऱ्या फुकट. कादंबऱ्या सावजींच्या स्वतःच्या, हातानं लिहिलेल्या. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून शुद्ध प्रत करायचं काम माझ्या गळ्यात. माझं अक्षर बरं होतं आणि सुटीच्या दुपारी मला दुसरा उद्योग नव्हता, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. हेरणं हाच त्यांचा छंद.

दिसायला बुटके, गोल, डोक्यावर काळी टोपी, कानावर पेन्सिल. स्वभाव इतका भिडस्त की गिऱ्हाइकानं मूठभर शेंगदाणे उचलून तोंडात टाकले तर हेच लाजून दुसरीकडे पाहायचे. पण तोंड उघडलं की वाटावं, या माणसानं कुठंतरी काहीतरी पुरून ठेवलं आहे. कोणी विचारावं, "सावजी, जिरं आलं का?" की हे डावीकडे पाहणार, उजवीकडे पाहणार, आवाज खाली आणणार आणि म्हणणार, "आलं हाय. पन कुठून आलं, ते आत्ताच नाई सांगत." अहो, कुठून येणार? जिथून दरवेळी येतं तिथून. पण गिऱ्हाईक आपलं उभं राहायचं. त्यांची बायको ताराबाई मला म्हणायच्या, "बाई, या मानसानं लग्नाच्या दिवशी मले स्वतःचं नाव सांगाले येळ लावला."

घरी आज भाजी कोणती, हे त्यांना आधी सांगायचं नाही असा दंडक होता. वासावरून ओळखायचे. ओळखलं की स्वतःवर खूश, नाही ओळखलं की ताराबाईंच्या हातावर खूश. "वाचक भुकेला पायजे, उपाशी नोको," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्यांनी जेवणावरून काढलं की कादंबरीवरून, मला अजून कळलेलं नाही.

लिहिण्याचा नाद त्यांना लागला तो गावच्या वाचनालयापायी. तिथल्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या इतक्या हातांतून गेलेल्या की शेवटची पानं बहुतेक गळून पडलेली. खून झाला, हेर आला, सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं, बोट वर केलं, आणि पुढे पुठ्ठा. सावजी रात्र रात्र तळमळायचे. शेवटी स्वतःच शेवट रचायला लागले. शेवट जमले, मग त्यांना वाटलं आपण सुरुवातही करून पाहावी. पुढं पुढं कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी उलटं करून शेवटचं पान आहे का ते पाहायचे, मगच वाचायला घ्यायचे.

आता अडचण सांगते. सावजी जैन, आणि नुसते नावाचे नव्हेत. ज्या तीर्थंकरांवरून आईबापांनी त्यांचं नाव ठेवलं, ते लग्नाच्या वाटेवरून जनावरांचा आक्रोश ऐकून माघारी फिरले होते. हे आमचे नेमासावजी पाणी गाळून प्यायचे, दिवस बुडायच्या आत जेवायचे, आणि दिव्यावर किडे मरतात म्हणून दिवा लावून लिहायचे नाहीत. दिवा लावायचा नाही म्हटल्यावर त्यांच्या कादंबरीत रात्र होईना. अमावास्या नाही, काळोख नाही, कंदील नाही. सगळे चोर भर दुपारी यायचे. पुण्यामुंबईचा वाचक या गोष्टीला हसेल, पण तो कधी चैताच्या दुपारी वऱ्हाडात आला नसावा. त्या वेळी आमच्या बाजारातून हत्ती चोरून नेला असता तरी कोणी डोळा उघडला नसता.

त्यांचा गुप्तहेर होता माधव. तोही पाणी गाळून प्यायचा. चोराच्या मागे धावता धावता सूर्य कलला की थांबायचा, हातपाय धुऊन जेवायचा आणि सकाळी पुन्हा धावायचा. चोरही बिचारा तेवढा वेळ थांबायचा. पण माधवची एक गोष्ट मला मनापासून पटायची. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून तो खाली पाहून चालायचा, आणि म्हणूनच पावलांचे ठसे, पडलेलं बटण, सांडलेलं तेल, काही त्याच्या नजरेतून सुटायचं नाही. मी म्हटलं, सावजी, हे छान सुचलं. ते म्हणाले, "सुचलं नाई बाई. तसंच चालतो न मी."

पहिली कादंबरी पुरी झाली ती एका नथीच्या चोरीची. मी मन लावून शुद्ध प्रत केली, सावजींनी ती देवळात पायाशी ठेवून आणली आणि पुण्याला एका प्रकाशकाकडे पाठवली. बऱ्याच दिवसांनी बाड परत आलं, सोबत कार्ड. "भाषा ओघवती. खून नाही. सबब परत." एवढंच. सावजींनी ते कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं, कुठे काही दडलंय का म्हणून. दडलेलं काही नव्हतं.

त्या सुमारास रद्दी इतकी महाग झाली की दुकानात पुड्या बांधायला कागद उरला नाही. ताराबाईंची नजर बाडावर गेली. त्या व्यवहारी बाई. "नाईतरी पडूनच हाय न?" म्हणाल्या. सावजी दोन दिवस बाड उशाशी घेऊन झोपले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पहिलं पान फाडलं आणि त्यात हळद बांधली.

ती हळद नेली गोदाबाई माळणीनं. ती दुकानासमोर वांगी, कांदे, मेथी आणि सांभार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, घेऊन बसायची. तिला वाचता येत नव्हतं, पण लिहिलेलं दिसलं की ते काय आहे हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पुडी घेऊन माझ्याकडे आली. मी वाचून दाखवलं. पान संपलं ते नथ ठेवलेल्या डबीचं झाकण उघडं सापडतं तिथं. गोदाबाई म्हणाली, "मंग?" मी म्हटलं, पुढचं पान दुसऱ्या कोणाच्या पुडीत गेलं असेल. ती उठली आणि तशीच सगळ्या बाजारात विचारत फिरली.

त्यानंतर जे झालं त्याला मी साक्षीदार आहे. बायका दुपारी आपापल्या पुड्या घेऊन गोदाबाईच्या टोपल्यांभोवती बसायला लागल्या. मी शाळेतून आले की मला धरून वाचायला लावायच्या. एक पान गुळासोबत इंझोरीला गेलं होतं, ते तिकडच्या गाडीवाल्याकडून चिंचेचे डाग पडून परत आलं. एक धनजला गेलं ते आलंच नाही, तेव्हा त्यात काय झालं असावं यावरून दोघी जावांचं भांडण झालं. ज्यांच्या घरी हिंग संपला नव्हता त्याही हिंग घ्यायला यायच्या. सावजी काट्यामागे बसून हे सगळं पाहायचे आणि त्यांच्या तोंडावर जे काही पसरायचं ते मला आत्ता लिहिता येत नाही. पण शेवटचं पान मात्र ते बांधेनात. गल्ल्यात घालून वर बसले. गोदाबाईनं धमकी दिली की उद्यापासून हळद दुसऱ्या दुकानातून घेईन, तेव्हा कुठं ते पान खोबऱ्याभोवती आलं. नथ शेजारच्या माळ्याच्या कांद्याच्या टोपलीत निघाली. चोराला ठाऊक होतं, जैनाच्या घरचा हेर कांद्याला हात लावणार नाही. गोदाबाई कितीतरी वेळ स्वतःच्या कांद्यांकडे संशयानं पाहत होती.

हे सगळं मी पुण्याला सविस्तर लिहून कळवलं. म्हटलं, खून नसताना गाव वाचतं आहे. उत्तर आलं, "पुड्यांचे ठीक आहे. पुस्तकास खून लागतो." मला असा राग आला की मी ते कार्ड चुलीत घातलं. सावजी रागावले नाहीत. त्यांना फक्त छापील पुस्तक हवं होतं, पुठ्ठ्यावर नाव असलेलं, आणि शेवटचं पान असलेलं. त्यापलीकडे त्या माणसानं आयुष्यात काही मागितलं नाही. जत्रेत लोक पाळण्याकडे जायचे, हे पुस्तकांच्या दुकानापुढे उभे राहून पाठीवरची नावं वाचायचे.

त्यांनी पुण्याला विचारलं, खून घातला तर छापाल का? त्याचं उत्तर म्हणून जे कार्ड आलं ते डाकवाल्यानं वाटेत वाचलं. कार्ड वाचायचं नसतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मजकूर असा होता : "होय. खून विनाविलंब करावा. माणूस कोणताही चालेल. प्रेत पहिल्याच प्रकरणी सापडले पाहिजे." यातलं 'प्रकरणी' त्याच्या लक्षात राहिलं नाही, बाकीचं राहिलं. दुपारच्या आत ठाणेदारसाहेब दुकानाच्या पायरीशी हजर. भले गृहस्थ होते, पण लोक जमले होते म्हणून त्यांना मिशीवर हात ठेवावा लागला. सावजींनी त्यांना आत बसवलं, कार्ड दाखवलं, आणि खरं काय ते कळल्यावर त्यांनाच विचारलं, साहेब, तुम्ही इतके खून पाहिले, एखादा चांगलासा सांगा.

ठाणेदारसाहेबांनी पुष्कळ आठवून पाहिलं. मग म्हणाले, "खून में क्या रहस्य सावजी? बांधावरून भांडतेत, कुऱ्हाड घालतेत, अन् मंग माह्यापाशीच येऊन बसून राह्यतेत. मी त्यायले चहा पाजतो."

सावजी खिन्न झाले. असला खून काय कामाचा?

मग मरणाऱ्याचं नाव शोधायला महिना गेला. सावजींचं म्हणणं, ओळखीच्या नावाच्या माणसाला मारणं बरं दिसत नाही. आणि बाजारातल्या किराणावाल्याच्या ओळखीचं नसतं असं नाव कोणतं? विठोबा म्हटलं की आसेगावचा विठोबा आठवायचा, गंगाराम म्हटलं की गंगाराम न्हावी. एकदा त्यांनी हळूच मला विचारलं, तुमच्या माहेरी कोणी नकोसा माणूस आहे का? शेवटी ठरलं हंबीरराव. कारंज्यात हंबीरराव एकही नव्हता. हंबीरराव तिकडे साताऱ्याकडे असतात, त्यांचं ते पाहून घेतील, असं म्हणून आम्ही मोकळे झालो.

मारायला सोपा जावा म्हणून सावजींनी त्याला आधी दुष्ट केलं. कंजूष, खेकसणारा, पुतण्याला उपाशी ठेवणारा म्हातारा. पण लिहिता लिहिता त्यांचा हात सैल पडत गेला. हंबीररावांचे गुडघे दुखायला लागले. त्यांना लिंबाचं लोणचं आवडायला लागलं. मांजर पाळलं. मी म्हटलं, सावजी, हा माणूस आता मरणार कसा? ते म्हणाले, तेच पाहून राह्यलो. आणि एका दुपारी कोणीतरी दुधात विष कालवलं (पुतण्या मुकुंदानं, पण ते फक्त सावजींना आणि मला ठाऊक), हंबीररावांनी पेला ओठांना लावला, आणि कादंबरीचं पहिलं प्रकरण संपलं.

लेखणी खाली ठेवून सावजी उठले, विहिरीवर गेले आणि डोक्यावरून थंड पाण्याची अंघोळ केली. दुसऱ्या दिवशी देवळात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. पहाटे पहिली घंटा ज्यांची, ते नेमासावजी देवळात नाहीत म्हटल्यावर लोक काय समजायचे ते समजले. सुतक आलं असणार. ताराबाईंनी विचारलं तर म्हणाले, हंबीरराव गेले. ताराबाईंना वाटलं यांच्याकडचे कोणी लांबचे असतील. त्यांनी मुकाट्यानं फोडणी बंद केली आणि मला म्हणाल्या, बाई, सतरंजी टाका, लोकं येतीन.

आणि लोक आले. टोप्या नीट करून, पायऱ्या चढून, खाली मान घालून बसले. गोदाबाई टोपल्या तशाच टाकून आली. मी आतल्या दाराशी उभी. मला ठाऊक होतं हंबीरराव कोण ते, पण सावजींचं तोंड इतकं उतरलेलं की सांगायचा धीर होईना.  मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, "जवळचे होते?"

"लय जवळचे," सावजी म्हणाले.

"काय झालतं?"

"दुधातून इख देल्लं कोनतरी."

बैठक सटपटली. सगळे एकदम पुढे सरकले. म्हाताऱ्यानं विचारलं, "कोनं देल्लं?"

सावजींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सवय हो ती, सुतकात तरी कशी सुटणार? आवाज खाली आणून म्हणाले, "ते आत्ताच नाई सांगत."

मी तोंडात पदर कोंबून आत पळाले. ताराबाई तिथंच होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाहेर पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात उजेड पडला. पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यातले काही शब्द मास्तरणीनं लिहू नयेत. हंबीरराव वहीतले आहेत हे सगळ्या बैठकीला कळलं. मला वाटलं आता लोक चिडतील, कामधंदा टाकून आले होते. पण गोदाबाई म्हणाली, "मंग काय झालं? गेला तो गेलाच न. वाचा बाई, कसा होता मानूस ते त समजू द्या." मी वही आणून पहिलं प्रकरण वाचलं. दुधाच्या पेल्यापाशी दोघातिघांनी डोळे पुसले. मांजराचं आता कसं होणार, असं कोणीतरी विचारलं.

सगळे गेले तरी सावजी जेवायला उठेनात. ताराबाईंनी आवडीची भाजी केली, वासानंही ओळखली नाही. मी समजूत घालायला गेले. म्हटलं, सावजी, कागदावरचा माणूस आहे. तर म्हणाले, "महाराज सांगतेत, पिठाचा कोंबडा कापला तरी पाप लागते. म्या त पुरा मानूस मारला बाई. लोनचं आवडत होतं त्याले." हसावं की काय करावं ते मला कळेना. छापील पुस्तकासाठी जन्मभर झुरलेला माणूस, ते हातातोंडाशी आलं तर याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

उपाय ताराबाईंनी काढला. त्यांनी ताट आणून पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमीच मारला न? मंग तुमीच उठवा. लेखनी तुमच्याच हातात हाय." सावजींनी मान वर केली. पुणेवाले ऐकतीन का, म्हणाले. "पुन्यावाल्यायले खून पायजे होता," ताराबाई म्हणाल्या, "तो झाला. आता मेलेला उठला त त्याईचं काय जाते?"

त्या दिवशी सावजी जेवले. आणि शेवटचं प्रकरण असं झालं : पुतण्याचा गुन्हा माधवनं सिद्ध केला, फाशीची शिक्षा झाली, इतक्यात हंबीरराव हजर. कारण हंबीररावांना दूध वस्त्रगाळ करून प्यायची सवय. विष बरंचसं फडक्यातच राहिलं होतं. त्यांना नुसती भूल पडली होती, सरणावर वारा लागताच ते उठून बसले, स्मशानातले लोक पळाले, आणि हे गुडघे धरत चालत चालत कचेरीत आले. आल्या आल्या पाणी मागितलं. गाळून. पुतण्याला त्यांनी माफ केलं, पुतण्या पायांवर पडला, मांजर आलं. माझ्या मते सरणापासून कचेरीपर्यंत फारच वेळ लागला होता, पण मी तोंड उघडलं नाही. सावजी शुद्ध प्रतीवर हात फिरवून म्हणाले, "एका पानात दोन जीव वाचले बाई."

पुण्याहून होकार आला. बाजारात बत्तासे वाटले, म्हणजे त्या दिवसांत जेवढे मिळाले तेवढे.

पुस्तकांचं पार्सल आलं तेव्हा आम्ही सगळे ओट्यावर होतो. दोरी सावजींनी स्वतः सोडली. पुठ्ठ्यावर सुरा घेतलेला हात, त्याखाली त्यांचं नाव आणि त्याखाली 'कारंजा'. गोदाबाईनं ओला हात लुगड्याला पुसला आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. हे नाव हाय का, तिनं विचारलं. हो म्हटल्यावर तिनं पुन्हा एकदा फिरवलं. सावजींनी पुस्तक वासासाठी नाकाशी नेलं आणि मग सवयीनं उलटं केलं, शेवटचं पान आहे का पाहायला.

पान होतं. पण ते आमचं नव्हतं. पुतण्याला शिक्षा झाली तिथं गोष्ट थांबवली होती आणि खाली कोणीतरी दोन वाक्यं जोडली होती : "मुकुंद फासावर गेला. न्याय झाला."

पुढचं पान चिकटून राहिलं आहे का म्हणून सावजींनी कोपरा बोटानं सोडवून पाहिला. मग म्हणाले, "बाई, यायनं दोघंबी मारले."

सोबत चिठ्ठी होती. कागदाच्या टंचाईमुळे शेवटचे प्रकरण गाळले आहे, तसेही मेलेला माणूस उठलेला वाचकांस रुचत नाही. पुस्तकाचा उठाव चांगला आहे. पुढील कादंबरीत तीन खून करावेत, लगेच छापू.

आता मला सांगा, दुसरा कोणी असता तर काय केलं असतं? मीही सावजींना म्हटलं, जाऊ द्या, नाव झालं ना, पुढच्यात उठवा पाहिजे तितकी माणसं. त्यांनी ऐकून घेतलं. मग कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली आणि पुण्याला लिहायला सांगितलं : तीन नाही, एकही नाही. गाळलेलं पान घाला, नाहीतर माझं नाव काढा. त्याला उत्तर आलं नाही. सावजींनी पुन्हा पुण्याला काही पाठवलं नाही. पुठ्ठ्यावर नाव असलेलं ते एकच पुस्तक, आणि ते त्यांनी घरात ठेवलं नाही.

बाजाराच्या टोकाला लग्नपत्रिका छापणारा एक छापखाना होता. त्याच्याकडे जुना गुलाबी कागद पडून होता. सावजींनी त्यावर शेवटचं प्रकरण बारीक टाइपात छापून घेतलं, वर ठसठशीत 'श्री'. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हंबीररावांचं लग्न निघालं आहे. ते गुलाबी कागद सावजींच्या कोटाच्या खिशात कायम. कुठं कोणाकडे पुस्तक आहे असं कानावर आलं की हे दुकान ताराबाईंवर टाकून निघायचे. वाशीमच्या वाचनालयात जाऊन चिकटवून आले. एका प्रतीसाठी आसेगावला गेले, तिथले पाटील जेवून झोपले होते, ते उठेपर्यंत ओसरीवर बसले. पाटलांनी विचारलं, एवढ्यासाठी आलात? सावजी म्हणाले, दोन माणसाईचा प्रश्न हाय.

गाव हसलं त्यांना. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

मग माझी बदली झाली. निघायच्या दिवशी ताराबाईंनी चिवडा दिला, गोदाबाईनं वांगी दिली, आणि ट्रंक घेऊन सावजी स्टेशनावर आले. आमची ती छोटी गाडी, इंजिन पाणी प्यायला लागलं की निवांत पीत बसायचं. मी डब्यात बसले आणि खिडकीतून सावजींना खोलीच्या किल्लीबद्दल सांगायला लागले, तर त्यांचं लक्ष नाही. माझ्या समोरच्या बाकावर कोट घातलेला एक जाडजूड कापूस दलाल बसला होता आणि त्याच्या हातात सुरा घेतलेला हात होता.

सावजी खिडकीशी आले. "कुठवर आलं भाऊ?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, कोर्टात उभा केला आहे, आता सांगू नका हो, मजा जाते. "नाई, नाई, वाचा," सावजी म्हणाले आणि दोन पावलं मागे सरले. पुन्हा आले. पुन्हा मागे गेले. खिशात हात, गुलाबी कागदाचं टोक बाहेर. शेवट फोडायचा नाही हा त्यांचा एक धर्म, आणि माणूस मरू द्यायचा नाही हा दुसरा. मला त्यांचा राग आला. इतकी वर्षं एका खिडकीशी काढली, मी चालले आहे, आणि यांना हंबीरराव पडलेत.

शिट्टी झाली. दलालानं पुस्तक मिटलं. "बरं झालं, लटकला हरामखोर," म्हणाला.

सावजींनी गजांतून कागद आत सारला. "भाऊ, शेवटचं पान. पुस्तकातून गळालं होतं." गाडी हलली. दलालाला वाटलं औषधाची जाहिरात असेल, त्यानं तो कागद चुरगळायला मूठ वळली. मी वर्गात बोलते त्या आवाजात म्हटलं, "वाचा." तो दचकला आणि वाचायला लागला. बाहेर सावजी धोतराचा सोगा धरून गाडीसोबत चालत होते, धापा टाकत होते, आणि एवढ्या घाईतही नजर खाली फलाटावर. मी ओरडले, सावजी, राहू द्या आता, मी सांगते त्यांना. फलाट संपला, तेव्हा थांबले.

दलाल कागदाच्या खालच्या टोकाशी आला. आधी त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग तो हसायला लागला, पोट हलेपर्यंत हसला, आणि एकाएकी उठून त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मागं स्टेशनाकडे तोंड करून ओरडला, "उठला हो! म्हातारा उठला!"

सावजींना ते ऐकू गेलं की नाही, देव जाणे. इंजिनाचा आवाज होता. मी दुसऱ्या खिडकीतून वाकून पाहिलं. ते फलाटाच्या कडेला उभे होते, खाली पाहत. मग त्यांनी एक पाऊल उचललं, काही वेळ तसंच अधांतरी धरलं, आणि जरासं बाजूला टाकलं.